फुटणे, तुटणे, मोडणे: इंग्रजीत कुठे ब्रेक, कुठे बर्स्ट, कुठे स्नॅप?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापूर जिल्ह्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. निबंधाच्या वह्या तपासताना एक अडचण सारखी समोर येते. मुलांना पटेल असं तिचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून इथे विचारते आहे.

मुलांना 'ब्रेक' येतं. ब्रेक-ब्रोक-ब्रोकन झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. 'बर्स्ट'ही येतं, कारण त्याची तिन्ही रूपं एकच. पण शब्दकोशात 'फुटणे' काढलं की ब्रेक, बर्स्ट, क्रॅक, स्प्लिट असे शब्द ओळीने उभे असतात आणि कुठला कुठे, हे कुणी सांगत नाही. मुलं हाताला लागेल तो उचलतात. दोरी तुटली, तर 'द रोप बर्स्ट'. टायर फुटला, तर 'द टायर ब्रोक'. पेपर फुटला, तर 'द क्वेश्चन पेपर ब्रोक'.

नववीतल्या एका मुलीने पुरावर फार चांगला निबंध लिहिला. पंचगंगा पात्राबाहेर पडली, आजीचं मातीचं घर बसलं, सगळ्यांना शाळेच्या वर्गात मुक्काम करावा लागला, पाणी ओसरल्यावर आजी घराच्या जागेवर गेली आणि तिला रडू फुटलं. शेवटच्या वाक्याला तिने लिहिलं होतं 'ग्रँडमदर्स क्राय ब्रोक'. मी तिथे 'बर्स्ट इंटू टिअर्स' असं सुधारून दिलं. ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, टायरला बर्स्ट आणि आजीलाही बर्स्ट? मग काच फुटली तर बर्स्ट का नाही म्हणायचं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. 'इंग्रजीत तसंच म्हणतात' हे उत्तर मला तिला द्यायचं नाही. यामागे काही धागा असेल तर तो समजून घ्यायचा आहे. शिवाय 'द रूल ब्रोक', 'द रेकॉर्ड ब्रोक' अशी वाक्यंही खूप येतात. ती चुकीची आहेत हे कळतं, पण 'द ग्लास ब्रोक' चालतं आणि ही का चालत नाहीत?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

चाकावरचा_माणूस

मॅडम, मी इंग्रजीचा जाणकार नाही. माझं टायरचं दुकान आहे. पण आमच्या धंद्यात हे शब्द दिवसभर तोंडात असतात, म्हणून सांगतो.

खिळा लागून हवा हळूहळू गेली तर आम्ही 'पंक्चर' म्हणतो. 'बर्स्ट' कधीच म्हणत नाही. टायर उन्हाने तापलेला, त्यात हवा जास्त, गाडीत माल जास्त आणि बाजूची भिंत एकदम उघडली, आवाज झाला, तर तो 'टायर बर्स्ट'. गिऱ्हाईकसुद्धा असंच बोलतं. सायकलची चेन तुटते, तारा म्हणजे स्पोक मोडतात, त्यांना कुणी बर्स्ट म्हणत नाही. आत काहीतरी दाबून भरलेलं पाहिजे. काचेच्या तावदानाच्या आत काय भरलेलं असतं? त्या मुलीला इतकं सांगितलं तरी तिला कळेल असं वाटतं.

मुठेकाठचा_अनुवादक

वरच्या दादांनी बर्स्टचं मर्म एका परिच्छेदात सांगितलं आहे. मी त्याच्या आजूबाजूचं लिहितो. पुण्यात माझं आयुष्य पाटबंधारे, बांधकाम आणि विम्याच्या कागदपत्रांची भाषांतरं करण्यात गेलं. काय मोडलं, कसं फुटलं, किती तुटलं हे त्या कागदांत एका शब्दाने चुकलं तर नुकसानभरपाई बदलते, त्यामुळे या क्रियापदांशी माझा फार जवळचा संबंध आहे.

आधी मराठीकडे बघा. आपण वस्तू पाहून क्रियापद निवडतो. दोरी, साखळी, धागा असं लांब आणि ताणाखाली असणारं तुटतं. खुर्ची, पेन्सिल, हाड असं ताठ असणारं मोडतं. मडकं, काच, नारळ, अंडं असं पोकळ किंवा ठिसूळ असणारं फुटतं. कापड, कागद आणि दूध फाटतं. लहान मूलसुद्धा यात गल्लत करत नाही. इंग्रजीत दोरी, पेन्सिल, कपबशी या तिघींना एकच ब्रेक पुरतं. ठळक रेघ तेवढी कापड-कागदाशी आहे. तिथे टेअर लागतं, 'माय शर्ट ब्रोक' होत नाही.

मग इंग्रजी एवढे शब्द करतं काय? ते वस्तूपेक्षा प्रसंग पाहतं. कशामुळे झालं, एका झटक्यात की हळूहळू, मागे काय उरलं. एक चहाचा कप घ्या आणि मुलांसमोर टेबलावर ठेवा. कडेचा टवका उडाला, तर तो 'चिप्ड'. तडा गेला, पण कप अजून एकसंध आहे, तर 'क्रॅक्ड'. कान वेगळा झाला, दोन तुकडे झाले, तर 'ब्रोकन'. फरशीवर पडून ठिकऱ्या उडाल्या, तर 'शॅटर्ड'. कुणी रागाने आपटला, तर 'स्मॅश्ड', कारण त्यात जोर आणि बहुधा हेतूही आला. आता याच कपात गरम पाणी भरून झाकण घट्ट बसवलं आणि वाफेने तो उडाला, तरच 'बर्स्ट'. मुलीच्या काचेच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तावदानावर बाहेरून चेंडू आला, आतून काही आलं नाही, म्हणून तिथे बर्स्ट नाही.

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेने कापण्या-मोडण्याच्या छोट्या चित्रफिती वेगवेगळ्या भाषिकांना दाखवून हे कसं सांगाल, असं विचारलं होतं. २८ भाषांचा तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. हिंदी आणि तमिळही त्यात होत्या. कुठली भाषा रेघा कुठे मारते यात फरक आहेच, पण फाटण्यासारखं आणि मोडण्या-फुटण्यासारखं वेगळं ठेवणं, काडी मोडणं आणि बशी फुटणं वेगळं ठेवणं, हे कल पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणजे आपलं मोडणे आणि फुटणे हे काही मराठीचं खूळ नाही. तुमच्या वर्गातली मुलं जे जाणतात ते माणसाच्या नजरेतच आहे, असं मुलांना आवर्जून सांगा. इंग्रजीच्या तासाला त्यांना आपली भाषा अडचणीची वाटता कामा नये.

आता बर्स्ट. आत दाब, बाहेर आवरण, आणि आवरण हरलं. फुगा, पाइप, गळू, अपेंडिक्स, धरण. पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ला फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. इंग्रजी लिखाणात त्याला सर्रास 'डॅम बर्स्ट' म्हणतात, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोंडलेलं पाणी असतं. अभियंत्याच्या अहवालात मात्र 'ब्रीच' येतं. भरावाला भगदाड कुठे पडलं, किती रुंद, हे त्याला सांगायचं असतं. पाण्याकडे पाहिलं तर बर्स्ट, भिंतीकडे पाहिलं तर ब्रीच. कालव्यालाही हेच लागू आहे. तुमची पंचगंगा पात्राबाहेर पडली हे इंग्रजीत 'द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स'. मराठीत नदी पात्र सोडते, इंग्रजीत ती काठ फोडते. 'क्लाउडबर्स्ट'मध्ये ढगात पाणी काही कोंडून ठेवलेलं नसतं, पण पाहणाऱ्याला वाटतं तसंच. आपला हवामान विभाग तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस लहानशा भागावर पडला तर त्याला ढगफुटी म्हणतो. शब्द जुन्या कल्पनेचा, मोजमाप आजचं.

आणि आता ती आजी. घर गेलं, तरी वर्गात दहा माणसांसमोर तिने रडू कोंडून धरलं होतं. जागेवर पाय ठेवल्यावर आवरेनासं झालं. टायरमध्ये जे झालं तेच इथे झालं. म्हणून बर्स्ट. पण इंग्रजीत फुटतं ते रडू नाही, फुटते ती व्यक्ती. कर्ता आजी. 'ग्रँडमदर बर्स्ट इंटू टिअर्स.' 'क्राय ब्रोक'मध्ये खरी चूक शब्दाची कमी आणि कर्त्याची जास्त आहे. मराठीत आजीला रडू फुटतं, आजी 'ला' घेऊन बाजूला उभी असते. इंग्रजीत तिलाच पुढे यावं लागतं. हसू फुटलं, घाम फुटला, कंठ फुटला, सगळीकडे हीच अदलाबदल करावी लागते. वर्गात हे एकदा फळ्यावर मांडलं की पुष्कळ वाक्यं आपोआप सुधारतील.

रचना दोन पाठ करून घ्या, तेवढं पाठांतर योग्य आहे. 'बर्स्ट इंटू'पुढे नाम येतं: टिअर्स, लाफ्टर, साँग, फ्लेम्स. 'बर्स्ट आउट'पुढे 'इंग' येतं: लाफिंग, क्राइंग. घामाला मात्र इंग्रजी बर्स्ट वापरत नाही, तिथे 'ब्रोक आउट इन अ स्वेट' किंवा 'ब्रोक इंटू अ स्वेट'. घाम कोंडलेला नसतो, तो सुरू होतो. हसरी रेषा उमटली तर 'ब्रोक इंटू अ स्माइल', खो-खो हसला तर 'बर्स्ट आउट लाफिंग'. ब्रेकमध्ये आधीची अवस्था खंडित होऊन नवी सुरू होते. 'वॉर ब्रोक आउट', 'डे ब्रोक'. आपल्याकडेही तांबडं फुटतंच.

स्नॅपचा जीव ताणात आहे. वाळकी काडी, रबर, ताणलेली दोरी, कडक आवाज करून तुटते ती. म्हणून खूप सोसलेला माणूस एके दिवशी भडकला तर 'ही स्नॅप्ड'. 'स्नॅप ॲट' म्हणजे खेकसणं. याच माणसाला 'ही बर्स्ट' म्हटलं तर वाक्य अर्धं राहतं, कशात बर्स्ट ते सांगावं लागतं. क्रॅकमध्ये अजून तुकडे पडलेले नसतात. चौकशीत आरोपी 'क्रॅक' झाला म्हणजे त्याच्या गप्प राहण्याला तडा गेला, बोलू लागला. दुसऱ्या अंगाने, कठीण कवच फोडून आतलं काढणं तेही क्रॅक: आक्रोड, अंडं, सांकेतिक लिपी, आणि क्लासच्या जाहिरातींतली परीक्षा. शॅटर म्हणजे पुन्हा जोडता न येणारं. स्वप्नं, आत्मविश्वास, शांतता. ब्रिटिश माणूस 'आय ॲम शॅटर्ड' म्हणाला तर तो फार दमलेलाही असू शकतो, एवढं मोठ्या मुलांना सांगून ठेवा.

'द रूल ब्रोक'चं नंतर लिहितो. जरा निवांत लिहायला हवं.

रात्रपाळी_वॉर्ड

खूप सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

मी परिचारिका आहे, नाशिककडची. आमच्याकडे रुग्ण मराठीत सांगतो आणि कागदावर इंग्रजीत उतरवावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच.

अनुवादक काकांनी दाबाचं सांगितलं ते शरीरातही लागू पडतं. गळू फुटलं, अपेंडिक्स फुटलं, तिथे साध्या इंग्रजीत बर्स्ट, केसपेपरवर रप्चर. पण गंमत कानाच्या पडद्याची. मराठीत पडदा फाटतो, कारण आपल्या लेखी तो पडदा आहे, कापडाचा भाऊ. इंग्रजीत 'बर्स्ट इअरड्रम', कारण त्यांची नजर दाबावर. आणि बाळंतपणात उलटं होतं. पाणमोट आपल्याकडे फुटते, आत पाणी दाबून भरलेलंही असतं, तरी इंग्रजीत 'हर वॉटर ब्रोक'. बर्स्ट म्हणत नाहीत. कागदावर परत 'रप्चर ऑफ मेम्ब्रेन्स'. म्हणजे दाबाचा नियम नव्याण्णव ठिकाणी चालतो आणि एका ठिकाणी रूढी जिंकते. हे मुलांना सांगायला हरकत नाही.

फुटण्याचे आमचे आणखी प्रकार: थंडीत ओठ फुटतात, टाचा फुटतात, आमच्या गावाकडे पाय उलतात. इंग्रजीत 'चॅप्ड लिप्स', 'क्रॅक्ड हील्स'. घोळणा फुटला तर त्यात ब्रेक नाही, बर्स्ट नाही, सरळ 'नोजब्लीड'. एका नव्या मुलीने घाईत 'नोज ब्रोकन' लिहिलं होतं आणि रुग्णाला नाकाच्या क्ष-किरण तपासणीला पाठवायची तयारी झाली होती, वेळीच लक्षात आलं. आणि घाम फुटून ताप उतरला, हे एकाच शब्दात: 'द फीव्हर ब्रोक'. रात्री तीन वाजता मुलाच्या कपाळावर घाम दिसला की आई ज्या आवाजात "फुटला घाम" म्हणते, तितकीच सुटका या इंग्रजी वाक्यातही आहे.

बातमीची_मेज

मी वृत्तपत्रात मराठी बातम्या इंग्रजी आवृत्तीसाठी उतरवतो. मॅडमच्या 'द क्वेश्चन पेपर ब्रोक'वर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पेपर फुटणे म्हणजे 'लीक'. मराठी फुटण्यात 'आतलं बाहेर आलं' हा अर्थ फार बळकट आहे. कोंब फुटतो, पालवी फुटते, पान्हा फुटतो, बिंग फुटतं, बातमी फुटते, पेपर फुटतो. यात काही नष्ट होतच नाही. इंग्रजी ब्रेक-बर्स्टमध्ये हा अर्थ नसतो असं नाही, कळ्या 'बर्स्ट' होतातच, पण बहुतेक वेळा तिकडे वेगळाच शब्द लागतो. पालवीला 'स्प्राउट', पेपरला 'लीक', बिंगाला 'एक्स्पोज'. आणि सावध राहा: बातमी फुटली आणि 'न्यूज ब्रोक' एक नाही. फुटली म्हणजे नको तिथून बाहेर गेली. 'ब्रोक' म्हणजे पहिल्यांदा जाहीर झाली.

राजकारणात तर आमचं पानच फुटण्यावर चालतं. पक्ष फुटला, तिथे 'स्प्लिट'. लाकूड रेषेवर चिरावं तसे दोन भाग, दोन्ही पुढे जिवंत. आमदार फुटले, तिथे 'डिफेक्टेड'. मतं फुटली, तिथे 'क्रॉस-व्होटिंग'. संप फुटला तर 'द स्ट्राइक कोलॅप्स्ड', कुणी मुद्दाम फोडला तर 'ब्रोक द स्ट्राइक'. कोंडी फुटली तर 'डेडलॉक वॉज ब्रोकन'. वादाला तोंड फुटलं, तर 'अ रो ब्रोक आउट'. प्रचाराचा नारळ फुटला, तिथे नारळ सोडून द्यायचा आणि 'लाँच्ड द कॅम्पेन' लिहायचं. नारळ ठेवला तर इंग्रजी वाचकाला त्या वाक्यात सभाच दिसत नाही, फक्त नारळ दिसतो.

आणखी एक. धार्मिक बातमीत 'नारळ वाढवला', 'बांगडी वाढवली' असं येतं. शुभ वस्तूला आपण फुटली-तुटली म्हणत नाही. मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढलं' म्हणतो. शब्द न कळलेल्या माणसाने तिथे 'इन्क्रीज्ड' लिहिलं तर अनर्थ होईल. इंग्रजीत याला सोय नाही, 'ब्रोक' लिहावं लागतं, आणि दरवेळी लिहिताना मला ते टोचतं.

लेस्टरची_आई

आमच्या घरी हे सगळं उलट्या दिशेने चालतं. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, मुलगा पाच वर्षांचा आहे. शाळेत इंग्रजी, घरी मराठी. त्याला 'ब्रेक' एक माहीत आहे आणि त्याच्या डोक्यात ब्रेक म्हणजे तुटणे. मग "आई, काच तुटली", "अंडं तुटलं", "माझी पँट तुटली", "टीव्ही तुटला". शेवटच्यावर मी बराच वेळ पडदा तपासत होते. त्याला म्हणायचं होतं टीव्ही बंद पडला, 'द टीव्ही इज ब्रोकन'.

मी त्याला नियम सांगत बसत नाही. स्वयंपाक करताना ओट्याशी उभा करते. अंडं फोडू या, शेंगा फोडू या, मेथीची जुडी मोडू या, कागद फाडू या, दोरा तोडू या. हाताने केलं की शब्द बरोबर येतो. मॅडम, तुमच्या वर्गात इंग्रजीसाठीही असं करता येईल का? वाळकी काडी मोडा आणि 'स्नॅप' म्हणा, फुगा फोडा आणि 'बर्स्ट' म्हणा. आवाजासकट शिकवलं तर विसरणार नाहीत.

मुठेकाठचा_अनुवादक

लेस्टरच्या ताई, फार मोलाचं सुचवलंत. काडीचा आवाज ऐकलेला मुलगा स्नॅप आणि बर्स्टमध्ये गोंधळणार नाही.

आता राहिलेलं. 'द ग्लास ब्रोक' चालतं, 'द रूल ब्रोक' का नाही.

मराठीत आपोआप होणं आणि कुणी करणं यांना वेगळी क्रियापदं आहेत. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे. धातूचं रूपच बदलतं. अपवाद मोडणे. खुर्ची मोडली आणि त्याने खुर्ची मोडली, दोन्हीकडे तेच. इंग्रजी ब्रेक नेमकं आपल्या मोडण्यासारखं वागतं: 'द ग्लास ब्रोक' आणि 'आय ब्रोक द ग्लास'. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिल्मोर यांनी १९७० साली ब्रेक आणि हिट शेजारी ठेवून दाखवलं की ब्रेकमध्ये वस्तूची अवस्था बदलते, म्हणून ती वस्तू एकटी कर्ता होऊ शकते. हिटमध्ये फक्त आघात सांगितलेला असतो, वस्तूचं काय झालं ते नाही, म्हणून 'द विंडो हिट' असं म्हणून खिडकीला मार लागला हे सांगता येत नाही.

आता काच आपली आपण फुटू शकते. उष्णतेने, पडून, वाऱ्याने. नियम, वचन, विक्रम, कायदा आपोआप मोडत नाहीत, माणूस लागतोच. म्हणून इंग्रजी तिथे माणूस मागतं: 'ही ब्रोक द रूल', किंवा माणूस लपवायचा असेल तर 'द रूल वॉज ब्रोकन'. मराठीत 'विक्रम मोडला' एवढं म्हटलं की भागतं, कारण मोडला हे दोन्हीकडे चालतं. तिथेच मुलांचा पाय घसरतो. मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: कुणाचाही हात न लागता हे झालं असतं का? झालं असतं तर 'ब्रोक'. नसतं तर 'वॉज ब्रोकन'. मन मात्र काचेच्या बाजूचं. 'हर हार्ट ब्रोक' बिनदिक्कत चालतं.

एक गोष्ट इंग्रजीला जमत नाही, ती मुलांना जरूर सांगा. 'माझ्या हातून फुटली.' 'मी फोडली' नाही, 'फुटली' एवढंच नाही, दोहोंच्या मधलं. हात माझा, हेतू नाही. 'आय ब्रोक इट' यात अपघात की खोडी हे कळत नाही, पुढे 'बाय ॲक्सिडेंट' जोडावं लागतं. विम्याच्या जबाबांत हे वाक्य भाषांतर करताना मी ते जोडल्याशिवाय कधी पुढे गेलो नाही. सांगणाऱ्याने मराठीत आपला निर्दोषपणा एका प्रत्ययात सांगितलेला असतो, तो इंग्रजीत गळून पडला तर त्याच्यावर अन्याय होतो.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी वर्गात फुगे आणि बाभळीच्या वाळक्या काड्या घेऊन जाणार आहे. कपाचे टप्पेही दाखवीन, शाळेच्या स्टाफरूममध्ये टवके उडालेले कप भरपूर आहेत.

काका, शेवटचं एक विचारते. मोडण्याबद्दल. मुलांच्या निबंधात आषाढी एकादशी हमखास येते. 'उपास मोडला' आणि 'उपास सोडला' या दोन्हींना मुलं 'ब्रोक द फास्ट' लिहितात. पहिलं तर नियमभंग, दुसरं द्वादशीचं पारणं. बरोबर धरायचं का? आणि 'आईने नव्या साडीची घडी मोडली' याचं काय करू?

मुठेकाठचा_अनुवादक

दोन्ही बरोबर धरा. इंग्रजीत उपास रीतीने संपवला तरी 'ब्रेक'च आहे. रोजा सोडतात त्यालाही 'ब्रेक देअर फास्ट' म्हणतात, आणि 'ब्रेकफास्ट' त्यातूनच आला. फरक मुलाने पुढच्या शब्दांत दाखवायचा. द्वादशीला सोडला तर 'ब्रोक हर फास्ट द नेक्स्ट मॉर्निंग'. दुपारीच चुकून शेव तोंडात टाकली तर 'ब्रोक हर फास्ट बाय मिस्टेक'. वेळ किंवा कारण लिहिलं नसेल तर वाचणारा सुटलेलाच समजेल, हे मुलांना सांगा आणि त्या एका शब्दासाठी गुण ठेवा.

सवय मोडली, तिथे ब्रेक चालतं. पाचशेची नोट मोडली, तिथेही चालतं. मुदतठेव मोडली हे बँकेत 'ब्रेक द एफडी' म्हणून सगळ्यांना कळतं. झोप मोडली तर 'वोक अप' किंवा 'स्लीप वॉज डिस्टर्ब्ड'. साडीला मात्र ब्रेक मुळीच लावू देऊ नका, वाचणाऱ्याला साडीचं काहीतरी बिघडलं असं वाटेल. 'मदर वोअर हर न्यू सारी फॉर द फर्स्ट टाइम.' घडीचा उल्लेख जाईल, त्याला इलाज नाही. हवा असेल तर त्या मुलाला पुढे आणखी एक वाक्य लिहू द्या, की साडीवर दुकानातल्या घड्यांच्या रेघा अजून दिसत होत्या.